एएच ४६ आणि आमच्या तीन मोऱ्या

पोळ्याच्या आधल्या रात्री पाऊस झाला. जोराचा असा तासभरच, नंतर नुसती रिपरिप, खान्देशात असा पाऊस वर्षातून एखाद-दोनदा पडतोच. पण सकाळी सहाला गावाकडून, आमचं वावर बघणाऱ्या नानांचा फोन आला, आणि नाना फोनवर कधी फार बोलत नाहीत, त्या दिवशी एवढंच म्हणाले, "वावरमा पानी शे, तू ये." मी भुसावळहून गाडी काढली. गावाच्या फाट्याला पोचलो तर हायवेवर सगळं नेहमीसारखं चालू, ट्रक, कंटेनर, ट्रॅव्हल्स, रस्ता धुऊन स्वच्छ झालेला. डाव्या हाताला खाली बघितलं तर आमचं आणि शेजारच्या दोघांचं मिळून आठ एकर कपाशीचं रान गुडघाभर पाण्यात उभं. आणि उजव्या हाताला, रस्त्याच्या पलीकडे, त्याच शिवाराचा नाला नुसता ओला होता. वाहत नव्हता.

मी तिथे गाडी लावून बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिलो. मधे फक्त रस्ता.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात होतं, कारण आमच्याकडे जे झालं ते एका गावापुरतं नाही आणि पुढच्या काही वर्षांत खान्देशात रस्ते आणि रेल्वे मिळून जेवढं काम येतंय ते बघता हे अजून बऱ्याच गावांत होऊ शकतं. गावाचं नाव देत नाही, धुळे आणि भुसावळच्या मधलं कुठलंही गाव समजा. कोणाला कोर्टात खेचायचं म्हणून हे लिहीत नाहीये, पाणी कुठे अडलं आणि का अडलं ते समजावं म्हणून लिहितोय.

आधी रस्त्याची ओळख. आमच्याकडे याला अजूनही लोक 'सहा नंबर' म्हणतात, जुना नॅशनल हायवे ६, सुरत-नागपूर. नवीन नंबर ५३, एका टोकाला हजिरा बंदर, दुसऱ्या टोकाला ओडिशातलं पारादीप, म्हणजे अरबी समुद्र ते बंगालचा उपसागर. पण याला अजून एक नंबर आहे जो गावात कोणाला माहीत नव्हता, एएच ४६, म्हणजे एशियन हायवे. संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाने आशियातल्या देशांचे मुख्य रस्ते एकमेकांना जोडायचा करार केला, तो २००३ मध्ये बँकॉकला मंजूर झाला, २००४ मध्ये शांघायला सह्या झाल्या आणि ४ जुलै २००५ पासून लागू झाला. ३२ देश, १,४०,००० किलोमीटरच्या वर रस्ते. दक्षिण आशियाला ४० ते ५९ हे नंबर मिळाले. त्यातला ४६ खरगपूरहून नागपूर, जळगाव करत धुळ्याला येतो आणि ४७ ग्वाल्हेरहून आग्रा रोडने धुळ्यात उतरून पुढे मुंबई, बंगळुरूकडे जातो. म्हणजे आशियाच्या नकाशावरचे दोन रस्ते आपल्या धुळ्यात एकमेकांना भेटतात. मला हे कळलं तेव्हा खरंच अभिमान वाटला, आजही वाटतो, केळीची गाडी दिल्लीला आणि कापसाच्या गाठी बंदराला वेळेत जाव्यात असं कोणाला वाटणार नाही.

त्या करारासोबत रस्त्याचे दर्जे ठरवणारं एक जोडपत्र आहे. सगळ्यात वरचा प्रायमरी, मग क्लास वन म्हणजे चार किंवा जास्त लेन, क्लास टू दोन लेन, क्लास थ्री किमान. रुंदी, वळण, चढ, पुलांनी किती भार घ्यायचा, सगळं बारकाईने दिलंय. पर्यावरणाबद्दल मात्र अगदी थोडं आहे, ते असं की नवीन रस्ता करताना आपापल्या देशाच्या नियमाप्रमाणे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करायचा, आणि जुन्याच रस्त्याची पुनर्बांधणी किंवा मोठी सुधारणा असेल तर तिथेही तो केला तर बरं. नव्याला सक्ती, जुन्याला 'केला तर बरं'. आमचा रस्ता जुना. आणि खान्देशातले बहुतेक सगळे रस्ते जुनेच आहेत, ते रुंद होतात, उंच होतात, नव्याने जन्माला येत नाहीत.

आता जमीन कशी आहे ते सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिला दक्षिणेकडून मिळणाऱ्या नद्या, वाघूर, गिरणा, अंजनी, बोरी, पांझरा, या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात. म्हणजे आमच्या पट्ट्यात पाण्याचा उतार दक्षिण-उत्तर. आणि हायवे जातो पूर्व-पश्चिम. म्हणजे जवळजवळ प्रत्येक नदी, नाला, ओघळ, लवण रस्त्याला आडवं येतं. किंवा खरं सांगायचं तर रस्ता त्यांना आडवा येतो, पाणी आधीपासून होतं. मोठ्या नद्यांना पूल असतात, त्यांची काळजी कोणीतरी घेतंच, सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर त्या ठळक निळ्या असतात. प्रश्न येतो तो ज्यांना नाव नाही अशा ओघळांचा. आमच्या दोन किलोमीटरमध्ये असे तीन ओघळ आहेत आणि तिघांवर मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला बांधलेले छोटे पूल, होत्या.

पहिली बारवाची मोरी, काळ्या दगडाची, कमानीची, वाकून माणूस आरपार जायचा, लहानपणी आम्ही उन्हाळ्यात त्यात बसून चिंचा खायचो. दुसरी वडाची मोरी, ही लहान, दोन दगडी भिंतींवर शहाबादी फरशा टाकलेल्या. आणि तिसऱ्या ठिकाणी मोरी छोटीच पण तिथे रस्ताच जरा खोलगट होता, त्याला लोक 'फरशी' म्हणायचे, मोठा पाऊस आला की पाणी सरळ रस्त्यावरून जायचं. तास-दोन तास गाड्या दोन्हीकडे उभ्या राहायच्या, ड्रायव्हर लोक खाली उतरून बिड्या ओढायचे, गावातली पोरं भुईमुगाच्या शेंगा विकायला जायची, मग पाणी उतरलं की गाड्या निघायच्या. तेव्हा आम्हाला तो रस्ता मागासलेला वाटायचा. आज कळतं की त्या फरशीने आमची वावरं वाचवली होती. तो रस्ता जमिनीपासून फूट-दीड फूटच उंच होता, जास्तीचं पाणी त्याच्या डोक्यावरून जाऊ शकत होतं.

नवीन चारपदरी रस्ता आमच्या वावराशी अडीच मीटर उंच आहे. त्याच्यावरून पाणी जायचा प्रश्नच नाही, आणि जाऊही नये, एवढ्या स्पीडच्या रस्त्यावर पाणी म्हणजे माणसं मरतील. म्हणजे जेवढं पाणी येईल तेवढं सगळं आता खालून गेलं पाहिजे. इथेच मोऱ्यांचा हिशोब आधीपेक्षा मोठा व्हायला हवा होता. झाला उलटा.

वडाच्या मोरीचं असं झालं की सर्व्हे आला एप्रिल-मे मध्ये. तेव्हा आमच्याकडे ओघळात पाणी कुठलं, उलट लोक त्यात नांगर घालून कडेची दोन तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, वाढवतात (हे आमच्या लोकांचंही चुकतंच, ते मी लपवणार नाही). मोरीचं तोंड वेड्या बाभळीने झाकलेलं, आत अर्धी गाळाने भरलेली. सर्व्हेवाल्या पोरांना ती दिसलीच नाही, किंवा दिसली आणि बंद पडलेली समजली गेली. नवीन यादीत ती नाही. बारवाच्या मोरीच्या जागी नवीन मोरी घातली पण नंतर तिच्या खालच्या तोंडाशी एका पेट्रोल पंपाच्या अॅप्रोचचा, म्हणजे आत जायच्या जोडरस्त्याचा, भराव आला आणि त्या भरावात पाइप टाकायचे राहिले. मग त्या दोन्ही ओघळांचं पाणी रस्त्याच्या कडेच्या गटारीने पश्चिमेकडे वळवलं, कुठे, तर फरशीच्या जागी, तिथे १.२ मीटर व्यासाचा एक पाइप आहे. तीन तोंडांचं पाणी एका तोंडाला.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, नोकरी वेगळ्या लाइनमध्ये करतो, पण एवढा हिशोब येतो म्हणून त्या रविवारी वहीत मांडला. गायरानाच्या टेकडीपासून रस्त्यापर्यंत आमचं पाणलोट मोबाइलवरच्या नकाशात मोजलं तर १०० हेक्टरच्या आसपास निघतं. एका हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० घनमीटर पाणी होतं. १०० हेक्टरवर ५०,०००. काळी जमीन पोळ्यापर्यंत भिजून फुगलेली असते, तिच्या भेगा मिटलेल्या असतात, तरी अर्धं मुरलं असं धरलं. उरलं २५,०००. हे तासाभरात आलं तर सेकंदाला सुमारे ७ घनमीटर. आणि १.२ मीटरचा पाइप तोंडापर्यंत भरून, स्वच्छ असताना, सेकंदाला दोन-अडीच मीटरच्या वेगाने वाहिला तरी अडीच घनमीटरच्या आसपासच पाणी जातं. बाकी साडेचार घनमीटर दर सेकंदाला मागे साचणार, तासात १६,००० घनमीटर. आठ एकरांवर पसरवलं तर अर्धा मीटर. म्हणजे गुडघाभर. वहीत आकडा आला तेव्हा मी उठून पुन्हा जाऊन बघितलं, लाइटच्या खांबावर गाळाची रेघ होती, टेप लावला, ५३ सेंटिमीटर.

पाणी सहा दिवस राहिलं. कारण पाइपचं तोंड मधेच चोंदलं, तुटलेल्या ठिबकच्या नळ्या, पऱ्हाट्या, गुटख्याच्या पुड्या. बागायती कपाशी, मे अखेरची लागवड, झाडाला पन्नास-साठ कैऱ्या. तिसऱ्या दिवशी वरची पानं मलूल झाली, पाणी असून झाड तहानल्यासारखं दिसतं, मुळाला हवा मिळत नाही म्हणून. याला आकस्मिक मर म्हणतात. पाणी लवकर काढलं आणि युरिया, पोटॅश, कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी केली तर बरीच झाडं सावरतात, पण पहिली अट पाणी काढायची, आणि पाणी काढायला जागाच नव्हती, पलीकडे ढकलायचं तर रस्ता. नाना रोज सकाळी एक झाड उपटून मुळी दाखवायचे. पाचव्या दिवशी मुळीची साल नुसत्या नखाने निघून आली, आतून तपकिरी, कुजका वास. त्या दिवसानंतर त्यांनी दाखवणं बंद केलं.

आता रस्त्याच्या उत्तरेचं ऐका, कारण नुकसान म्हटलं की सगळे बुडालेलं वावरच बघतात. उत्तरेला आमच्या गावाचा पाझर तलाव आहे, १९७२ च्या दुष्काळात गावातल्या बाया-माणसांनी रोजगार हमीवर डोक्यावर माती वाहून बांधलेला, माझी आजी त्या कामावर होती. तो तलाव बारवाच्या आणि वडाच्या ओघळावर भरायचा. रस्ता उंच झाल्यापासून त्याच्यात पाणी येतं ते फक्त त्याच्या आजूबाजूच्या रानाचं. खालच्या विहिरी आधी आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) दोन-तीन तास चालायच्या, त्या आता शिमग्यालाच खडखडाट. उत्तरेच्या एका शेतकऱ्याने केळी काढून मका लावला. त्याच्या वावरात पाणी साचलं नाही म्हणून कुठल्याही पंचनाम्यात त्याचं नाव नाही. वरच्याचं पाण्याने गेलं, खालच्याचं पाण्यावाचून गेलं, कारण एकच आणि कागद फक्त एकाचा.

झाडांचं सांगतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूला जुने निंब होते, चिंचा होत्या, दोन वड होते. काम सुरू व्हायच्या आधी माणसं आली, प्रत्येक झाडाची थोडी साल तासली आणि त्यावर लाल रंगात नंबर टाकले. आमच्या बांधासमोरचा निंब २१४ नंबरचा. घेर मोजला, यादी केली, फोटो काढले. झाडं तोडली याचं दुःख आहेच, फाट्यावर आता सावली नाही, एसटीची वाट बघणारी म्हातारी माणसं बंद टपरीच्या पत्र्याखाली उभी राहतात. पण झाडं निदान मोजली तरी. मोजली म्हणून त्याबदली लावायचा नियम लागतो, लावली नाहीत तर विचारता येतं. ओघळाला कोणी नंबर दिला नाही. ज्याला नंबर नाही त्याच्याबद्दल विचारणार काय आणि कुठल्या कागदावर.

नियमातही तसंच आहे. पर्यावरण मंजुरीची २००६ ची अधिसूचना आहे, ती २०१३ मध्ये बदलली, तेव्हापासून राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला मंजुरी लागते ती लांबी १०० किलोमीटरच्या वर असेल आणि जादा जागा जुन्याच मार्गावर ४० मीटरपेक्षा किंवा बायपासला ६० मीटरपेक्षा जास्त घेतली जात असेल तर. आपल्या जिल्ह्यांतून चिखली ते तरसोद ६२.७ किलोमीटर आणि तरसोद ते फागणे ८७.३ किलोमीटर अशा तुकड्यांत काम दिलं गेलं, तुकडे करून टेंडर काढणं ही सगळीकडचीच रीत आहे. माझं म्हणणं लांबीबद्दल नाहीच. उंबरठा ठरतो तो लांबी आणि रुंदीवर, रस्ता पाण्याच्या वाटेला समांतर आहे की आडवा, त्याची उंची किती वाढतेय, याला त्या उंबरठ्यात जागाच नाही. सातपुड्यातून पाण्याच्या उताराबरोबर खाली येणारा रस्ता आणि आमच्यासारखा प्रत्येक ओघळ कापणारा रस्ता, दोघांना एकच माप.

अडीच मीटरचा भराव म्हणजे माती लागते, मुरूम लागतो, आणि तो जवळूनच येणार. आमच्या गायरानाच्या टेकडीचा पश्चिमेचा अंग उन्हाळाभर पोकलेन आणि हायवा लावून नेला. मार्च २०२० मध्ये केंद्राने रस्ता, पाइपलाइन अशा लिनियर कामांना साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती, ती सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली, त्यात म्हटलं होतं की किती माती, कुठून, कशी, याला काही मर्यादाच घातलेली नाही. आमच्या टेकडीचं आता काही होणार नाही. जिथे गवत होतं, पाणी मुरायचं, तिथे उघडा खडक आहे आणि पडलेलं पाणी आधीपेक्षा लवकर खाली येतं. म्हणजे माझ्या वहीतला 'अर्धं मुरलं' हा हिशोबही बहुतेक उदार आहे.

हे वेगळ्या पद्धतीने होऊ शकतं आणि ते लांब कुठे नाही, शेजारच्या बुलडाण्यात करून दाखवलंय, हायवेला लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून घेतला, रस्त्यालाही माती मिळाली आणि गावालाही पाणीसाठा, त्याला बुलडाणा पॅटर्न म्हणतात. आमचा पाझर तलाव ५० वर्षांच्या गाळाने अर्धा भरलाय, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि मुरूम आला टेकडीवरून. हे मला अजून बोचतं. गाळ वेगळा आणि भरावाचा मुरूम वेगळा हे मलाही कळतं, सगळी माती चालत नाही, पण गाळाखाली मुरूमच होता, गाळ शेतकऱ्यांनी फुकट उचलला असता.

आम्ही काय केलं ते आता. पहिल्यांदा नुसते अर्ज केले, गावाच्या लेटरहेडवर, 'पाण्याचा निचरा होत नाही तरी योग्य ती कार्यवाही व्हावी'. उत्तर आलं नाही, आणि आलं असतं तरी काय आलं असतं, त्या अर्जात काहीच नव्हतं. मग माहितीच्या अधिकारात आमच्या दोन किलोमीटरमधल्या सगळ्या मोऱ्यांची चेनेजसह, म्हणजे कुठली मोरी कितव्या किलोमीटरला त्यासह, यादी मागितली, जुन्या रस्त्याची आणि नव्याची. ती आली. जुन्या यादीत तीन, नव्यात दोन. हा एक कागद पंधरा अर्जांना भारी पडला. मग नानांना आणि गावातल्या अजून दोन म्हाताऱ्यांना घेऊन रस्त्याने चाललो, ते दाखवत गेले, इथून पाणी यायचं, इथे दोन तोंडं एक व्हायची, इथे बैलगाडी अडकली होती तेव्हा पाणी आसाला लागलं होतं. प्रत्येक जागी फोटो, मोबाइलचं लोकेशन, टेप लावून उंची. ग्रामसभेचा ठराव घेतला आणि त्याला हा सगळा गठ्ठा जोडला.

संयुक्त पाहणीला तारीख मिळाली ती जानेवारीची. सगळं कोरडं. नाना म्हणाले, "आते काय दखाडवं यास्ले?" खरंच काय दाखवणार, पण खांबावरची रेघ अजून होती. आलेले इंजिनिअर तरुण होते आणि मला म्हणायला हवं की माणूस नीट होता, त्यांनी ऐकून घेतलं, स्वतः पाइपात वाकून बघितलं, वडाच्या मोरीच्या जागी बाभळी बाजूला करवून जुनी दगडी भिंत सापडली तेव्हा ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, नवीन मोरी म्हणजे हायड्रॉलॉजी, किती पाणी येणार त्याचा हिशोब, पुन्हा काढावी लागेल, चालू रस्त्याखालून बॉक्स पुशिंगने टाकावी लागेल, मंजुरी वरून येईल. रस्ता होताना जी मोरी दहा-बारा दिवसांत झाली असती ती आता वरचा ट्रॅफिक न थांबवता जॅकने ढकलत घालायची. नाना त्यांना म्हणाले ते मी तसंच लिहून ठेवलंय, "साहेब, पानीले वाट दिधी नही ते ते सोता वाट करी लेस." साहेबांनी विचारलं म्हणजे काय, मी सांगितलं, पाण्याला वाट दिली नाही तर ते स्वतः करून घेतं.

पावसाळ्याआधी तीन गोष्टी झाल्या. गटारीचा तळ खोल केला, फरशीच्या पाइपच्या तोंडाशी गज लावले म्हणजे कचरा आत जाऊन बसणार नाही, आणि पेट्रोल पंपाच्या भरावाखाली दोन पाइप टाकले म्हणजे बारवाची मोरी पुन्हा चालू झाली. वडाची मोरी मंजुरीत आहे.

सगळ्यात अवघड निघालं ते यानंतरचं आणि त्यात कुठलंच ऑफिस नव्हतं. बारवाचं पाणी रस्त्याच्या खालून उत्तरेला निघालं पण पुढचा ओघळ तोवर तिथल्या शेतकऱ्याने सपाट करून पेरला होता. चार वर्षं पाणीच आलं नाही तर माणूस पेरणारच. आबा म्हणतो आम्ही त्यांना, वय सत्तरच्या पुढे, ते म्हणाले तुमचं पाणी माझ्या उडदात का. तीन बैठका झाल्या, एकदा तर दोन्हीकडची पोरं अंगावर धावली. शेवटी तोडगा नानांनी काढला, पांझरेकाठच्या फड पद्धतीचं त्यांना माहीत होतं, तिकडे त्यांचं आजोळ, तिथे पाणी सगळ्यांचं म्हणून पाटाची जागाही सगळ्यांची आणि पाटकरी गावाने नेमलेला, शेकडो वर्षं चाललंय. तसं इथे ठरलं की ६०० मीटरची चारी आबांच्या बांधाच्या कडेने काढायची, त्यात त्यांची चार गुंठे जाईल, त्याचे पैसे वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगाच्या शेतकऱ्यांनी एकराच्या हिशोबाने भरायचे, आणि चारी साफ ठेवायला एक माणूस वर्षाला ठरवायचा. बंधपत्रावर लिहून घेतलं. जेसीबी दोन दिवस चालला. आबांनी नारळ फोडला, हे मात्र कोणाला अपेक्षित नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात तसाच एक पाऊस झाला, तसाच म्हणजे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर थोडा कमीच. पाणी साचलं, पण दीड दिवसात उतरलं. कपाशी पिवळी पडली, मेली नाही. पाझर तलाव अर्ध्याच्या वर भरला. वडाच्या ओघळाखालच्या दोन एकरात अजूनही पाणी राहतं, तिथे या वर्षी कपाशी लावलीच नाही.

आता पुढे येणारं काम. मनमाड-इंदूर नवी रेल्वेलाइन सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, धुळे जिल्ह्यातून जाणार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जळगाव-मनमाड चौथी लाइन, १६० किलोमीटर, आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी, १३१ किलोमीटर. ऑगस्टमध्ये जळगाव-जालना, १७४ किलोमीटर. रेल्वे पाहिजेच, मी भुसावळचं खातो, रेल्वेच्या विरोधात कसा जाईन, आणि एक मालगाडी किती ट्रक रस्त्यावरून उचलते ते बघता डिझेल आणि धूर दोन्ही वाचतो. इंदूर लाइनच्या मंजुरीत सरकारने १८ कोटी लिटर तेल आणि १३८ कोटी किलो कार्बन डायऑक्साइड वाचेल, म्हणजे साडेपाच कोटी झाडं लावल्यासारखं, असा हिशोब दिलाय. माझा त्याला विरोध नाही. पण तो हवेचा हिशोब आहे. रेल्वेचा भराव बऱ्याचदा रस्त्यापेक्षा उंच असतो आणि रेल्वेलाइन २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या यादीतच नाही, जंगल किंवा अभयारण्य लागलं तर त्यांची परवानगी लागते, पण साध्या काळ्या जमिनीतून, कपाशीतून, दादर ज्वारीच्या रानातून लाइन गेली तर पाण्याचा प्रश्न विचारायला वेगळी जागा नाही. यावल आणि अनेरची अभयारण्यं, वढोद्याचे वाघ यांच्यासाठी बोलणारे लोक आहेत आणि ते असावेतच, वाघाच्या वाटेचा नकाशा तरी आहे.

जुन्या लाइनवर पाचोऱ्याच्या बाजूला दगडी कमानी बघा कधी, १८७० च्या आधी मुंबई-कलकत्ता लाइन टाकताना बांधलेल्या. तेव्हाच्या लोकांकडे उपग्रह नव्हता, कॉम्प्युटर नव्हता. त्या कमानीतून आजही गुरं जातात, बैलगाडी जाते आणि पावसाळ्यात पाणी जातं. त्यांच्याच शेजारी आता चौथी लाइन येणार. जुन्या कमानीच्या रांगेत, तेवढ्याच रुंदीचं तोंड नव्या भरावातही ठेवलं जातंय का, हे भराव पडायच्या आधी जाऊन बघता येतं, आणि बघायची वेळ मे महिन्यात नसते, मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी असते, गावातलं एक म्हातारं माणूस बरोबर घेऊन. ज्या गावांत खुणांचे दगड रोवले गेलेत तिथल्या लोकांनी आत्ताच जुन्या मोऱ्यांची चेनेजसह यादी मागवून ठेवा, नावं लिहा, फोटो काढा, आणि बाभळी तोडून मोरीची तोंडं मोकळी करा म्हणजे सर्व्हेवाल्याला दिसतील. आम्ही हे चार वर्षं उशिरा केलं.

वडाच्या मोरीच्या मंजुरीचं मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी विचारतो. फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलेली असते.

नाना आता पाऊस आला की रात्री उठतात. बॅटरी, खोरं, अंगावर खताची रिकामी गोणी घोंगडीसारखी. फरशीच्या पाइपशी जाऊन गजांवर अडकलेलं हाताने ओढून काढतात, वरून ट्रक जातात. मी सांगितलं आपण माणूस लावलाय ना वर्षाचा, तर म्हणतात तो सकाळी येस, पानी रातले येस. परवा मी बरोबर गेलो. त्यांनी लाइटच्या खांबावर त्या वर्षीची रेघ ऑइलपेंटने पक्की करून ठेवलीय, आणि तिच्या बरीच खाली गेल्या वर्षीची. पाण्यात उभे राहून त्यांनी बॅटरी खांबावर धरली, बघितलं, आणि म्हणाले अजून चार बोटं खाली आहे.